इस्कारासाठी घंटा वाजली नाही

नदी मालिकेच्या दुसऱ्या भागात उत्तरेला वाहते आणि चौथ्या भागात दक्षिणेला, हे कसं, एवढंच पत्रात विचारलं होतं. गणिताच्या वहीतला चौकटींचा कागद, निळं बॉलपेन, आणि खाली नाव: कर्स्टी स्कॅमेल, वय तेरा, ग्रिम्सबी. ‘चूक असेल तर तसं कळवा, मी वर्गात बोलणार नाही,’ असं तिने लिहिलं होतं. ‘पण मला चूक वाटत नाही. तिसऱ्या भागात डोंगर वितळतो. मग नदीला वाट बदलावीच लागली असणार.’

डोरीन पिकार्डने पत्र दोनदा वाचलं. एरवी ती मुलांची पत्रं पहिल्या ओळीपुढे वाचत नसे. ‘अंगारवंश’ या ड्रॅगनांच्या मालिकेचे पाच भाग निघाले होते आणि लेखक ऑब्री स्टॅन्विक यांच्या नावाने दर आठवड्याला पोतंभर टपाल येत होतं. त्याला उत्तर म्हणून छापील कार्डं तयार असत. एका बाजूला पंख पसरलेला ड्रॅगन, दुसऱ्या बाजूला ‘तुझं पत्र मिळालं, आनंद झाला, असंच वाचत राहा’ आणि त्याखाली सहीपुरती मोकळी जागा. सही डोरीन करायची. लंडनच्या त्या प्रकाशनसंस्थेत टपाल सांभाळण्यात तिची तेहतीस वर्षं गेली होती आणि अकरा लेखकांच्या सह्या तिच्या हातात बसल्या होत्या. पाककृतींची पुस्तकं लिहिणाऱ्या बाईंची सही गोलमटोल, बागकामवाल्या मेजरसाहेबांची टाचण्या सांडल्यासारखी, आणि स्टॅन्विकची शेवटी शेपूट आपटल्यासारखी. यात लपवाछपवी काही नव्हती, लेखकांनी तशी लेखी परवानगीच दिलेली होती. मात्र परवानगी सहीपुरती होती. कार्डावर स्वतःचा एक शब्दही वाढवायचा नाही, हा नियम टपालाच्या खोलीत दारामागे चिकटवलेला होता.

कार्ड हातात घेऊन डोरीन थांबली. मुलीने प्रश्न विचारला होता आणि ‘असंच वाचत राहा’ हे काही त्याचं उत्तर नव्हतं. पण उत्तर द्यायचं तर पुस्तकं वाचायला हवी होती, आणि डोरीनने ती कधी उघडलीही नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी तिने कोठारातून पाचही भाग पिशवीत घालून घरी नेले. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. आई अंथरुणाला खिळून होती तेव्हा रविवार कसा संपायचा ते कळत नसे. आता तो संपता संपत नसे. तो रविवार मात्र डोरीनला पुरला नाही. सोमवारी बसमध्ये उभ्या उभ्या ती तिसऱ्या भागाच्या शेवटाला आली आणि डोंगर खरंच वितळला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने संस्थेचं नाव छापलेला कागद घेतला आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात चार ओळी लिहिल्या. चूक नाही, डोंगराचं तू बरोबर ओळखलंस, आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. खाली शेपूट आपटलेली सही केली. एकदाच, असं तिने स्वतःला बजावलं.

चौथ्या दिवशी नऊ पानी उत्तर आलं.

त्यानंतर अडीच वर्षांत कर्स्टीची पत्रं येत राहिली. इतकी की टपालाच्या ढिगात डोरीनला ती कागदाच्या जाडीवरून कळू लागली. त्या पोरीने ‘अंगारवंश’ नुसता वाचला नव्हता, तो तिने पोटात घेतला होता. तिने सगळ्या ड्रॅगनांची वयं काढली होती. दोन ठिकाणी आई मुलीपेक्षा सहा वर्षांनी लहान निघत होती, तर तिने त्या देशातली वर्षंच लांब असतात असा हिशेब लावून ते जुळवलं होतं. रसायनशास्त्राच्या तासाला बाकाखाली धरून ती वाचायची. धाकट्या भावाला मुळाक्षरांऐवजी ड्रॅगनांची नावं क्रमाने पाठ करवली होती आणि बालवाडीच्या बाईंनी त्यावरून वडिलांना चिठ्ठी पाठवली होती. पहिले चार भाग तिने शाळेच्या ग्रंथालयातून इतक्यांदा नेले की तिथल्या बाईंनी एकदा थोडं दुसरंही वाच म्हणून हातात घोड्यांवरचं पुस्तक कोंबलं. ‘घोडे ठीक आहेत,’ कर्स्टीने लिहिलं, ‘पण त्यांना कशाची आठवण राहत नाही.’ मग तिने सहा महिने पहाटे घरोघर पेपर टाकले आणि पाचही भाग स्वतःचे घेतले.

वडील, बॅरी स्कॅमेल, मासे साफ करायच्या कारखान्यात होते. ते घरी आले की पहिल्यांदा विचारत, ‘काय म्हणते आज तुझी पाल?’ वर्गातल्या दोन मैत्रिणी आता पुरे झाले तुझे ड्रॅगन असं म्हणून वेगळ्या टेबलावर बसायला लागल्या होत्या. कर्स्टीने त्यांना विचारलं की मग तुम्ही काय वाचता, तर त्या एकमेकींकडे बघून हसल्या. हे सगळं ती तक्रारीच्या सुरात लिहीत नसे. एका पत्रात तर तिने दोनच वाक्यं शेजारी शेजारी ठेवली होती: ‘आई आता हल शहरात राहते. पाचव्या भागात नकाशा का दिला नाही?’

त्या पत्राला उत्तर लिहायला डोरीनला आठवडा लागला. नकाशाचं तिने काहीतरी रचून दिलं. रचणं आता तिला जमू लागलं होतं. स्टॅन्विकने जिथे गाळलं असेल तिथे ती भर घाली आणि ती भर कर्स्टीच्या तपासणीत टिकली की तिला दिवसभर बरं वाटे. पण आईच्या वाक्यापुढे तिला काही रचता येईना. शेवटी तिने लिहिलं, ‘माझी आई गेली तेव्हा मी तिचा चष्मा पर्समध्ये घालून वर्षभर हिंडलो. कुणाला सांगितलं नाही. तुझी आई जवळच्याच गावात आहे, तरी तुला तसंच वाटत असेल तर त्यात काही वेडेपणा नाही.’ पर्स हा शब्द खोडून तिने खिसा केला. स्टॅन्विकच्या सहीने लिहिलेल्या अकरा पत्रांत खरी म्हणावी अशी गोष्ट ती एवढीच.

इस्काराचा विषय निघाला तो आठव्या पत्रात. इस्कारा ही म्हातारी, आंधळी ड्रॅगन. दुसऱ्या भागात ती मिठाच्या गुहेत शिरते आणि पुन्हा दिसत नाही. सगळे वाचक तिला मेलेली धरून चालले होते. कर्स्टीने चौकटींच्या कागदावर यादीच करून पाठवली. पाच भागांत एकवीस ड्रॅगन मरतात आणि एकवीस वेळा मनोऱ्यावरची घंटा आपोआप वाजते. इस्कारासाठी ती वाजलेली नाही. ‘म्हणजे ती आहे,’ तिने लिहिलं होतं. ‘सगळ्यांनी तिला सोडून दिलंय आणि ती वाट बघत बसलीय. सहाव्या भागात ती स्वतः येऊन घंटा वाजवेल. बरोबर ना? नसेल तर कृपा करून तसं करा.’

डोरीनने बघू, असं उत्तर दिलं. दुसरं काय देणार?

सहावा भाग तेव्हा वर्षभर अडकला होता. संपादिका फिलिपा चहाच्या खोलीत रोज त्याचंच रडगाणं गायची. स्टॅन्विकला शेवट सापडत नव्हता. तो फोन उचलत नव्हता आणि उचललाच तर सगळे ड्रॅगन एका पानात मारून टाकतो म्हणून धमकावत होता. एका दुपारी फिलिपा कपाळ धरून बसली असताना कप विसळता विसळता डोरीन बोलून गेली की इस्कारा मेलेलीच नाही, तिच्यासाठी घंटा वाजली नव्हती.

फिलिपाने कप खाली ठेवला. “परत सांग.”

डोरीनने एकवीस घंटांचं सांगितलं. आंधळी ड्रॅगन स्वतः येऊन घंटा वाजवेल हेही सांगितलं.

“हे तुला कुणी सांगितलं?”

इथे नाव घ्यायला हवं होतं. पण नाव घेतलं की पत्रं आली, पत्रं आली की दारामागचा नियम आला. “वाचताना लक्षात आलं,” डोरीन म्हणाली.

तीन आठवड्यांनी फिलिपा चॉकलेटांचा डबा घेऊन टपालाच्या खोलीत आली. स्टॅन्विक झपाटल्यासारखा लिहितोय म्हणाली, आणि जाताना डोरीनच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. डोरीनने डबा ड्रॉवरमध्ये ठेवला. तो तिने उघडला नाही, पण परतही केला नाही.

सहावा भाग ऑक्टोबरातल्या एका शनिवारी निघायचा होता आणि त्या दिवशी स्टॅन्विक लीड्सच्या एका मोठ्या पुस्तकांच्या दुकानात सह्या द्यायला बसणार होता. प्रसिद्धीचं काम पाहणारा डॉमिनिक, जेमतेम तिशीचा, टपालाच्या खोलीत आला. हल्ली मुलांच्या नावांची स्पेलिंगं काय वाटेल ती असतात, तर रांगेत प्रत्येकाचं नाव विचारून पिवळ्या चिठ्ठीवर लिहून पुस्तकात घालायला कुणीतरी हवं आहे, तुम्ही याल का, असं त्याने विचारलं. त्याच आठवड्यात कर्स्टीचं पत्र आलं होतं. बाबांनी सुट्टी घेतली आहे, आम्ही पहिल्या गाडीने लीड्सला येतोय. डोरीनने नाही म्हणायला हवं होतं. पण तिला ती मुलगी बघायची होती. तिने कर्स्टीला लिहिलं की गर्दी फार असेल, बोलायला मिळणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. पोरगी आभार मानेल, स्टॅन्विक मान हलवेल, तो सगळ्यांनाच मान हलवतो, आणि ती पुढे जाईल, असं डोरीनने मनाशी धरलं. चिठ्ठ्या आपण आपल्या अक्षरात लिहायच्याच नाहीत, सुट्या, मोठ्या छापील अक्षरांत लिहायच्या, हेही ठरवलं.

दुकानात दीड-दोनशे मुलं होती. कुणी पाठीला पुठ्ठ्याचे पंख बांधून आलं होतं. सह्या सुरू होण्याआधी स्टॅन्विक छोट्या मंचावर उभा राहून थोडं बोलला. कुणीतरी विचारलं, इस्काराचं परत येणं कसं सुचलं? तो हसला आणि म्हणाला की पहिला भाग लिहितानाच ते मनात होतं, घंटा मुद्दामच वाजवली नव्हती, कुणाच्या लक्षात येतंय का ते बघत होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टेबलाशी बसलेल्या डोरीनने पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

शंभरेक मुलं होऊन गेली. मग टेबलापुढे एक उंच, किडकिडीत मुलगी येऊन उभी राहिली. आखूड झालेला हिरवा कोट, हातात नवं पुस्तक आणि छातीशी प्लास्टिकची फाइल. तिच्या मागे एक रुंद माणूस हातात टोपी धरून होता. डोरीनने न विचारताच ओळखलं, तरी विचारलं.

“कर्स्टी,” ती म्हणाली. “के आणि आय.”

“हो,” डोरीन म्हणाली आणि चिठ्ठी लिहून पुस्तकात घातली. अडीच वर्षांत अकरा वेळा लिहिलेलं नाव हाताने आपलं आपणच लिहून टाकलं होतं, वळणदार. पुस्तक पुढे सरकल्यावर तिला ते दिसलं.

कर्स्टी स्टॅन्विकपुढे आली. तिचा चेहरा इतका उजळला होता की दोन माणसं सोडून उभी असलेली एक बाई उगीचच हसली. पुस्तक सकाळी नऊला हातात आल्याबरोबर तिने शेवटचं प्रकरण वाचून टाकलं होतं. असं ती एरवी कधी करत नसे.

“तुम्ही घंटा वाजवलीत,” ती म्हणाली.

“आवडलं ना?” स्टॅन्विक म्हणाला आणि चिठ्ठीतलं नाव बघून लिहायला लागला.

“मी लिहिलं होतं ना तुम्हाला. आठव्या पत्रात. तुम्ही म्हणालात, बघू.” आणि मग जरा हळू आवाजात, “तुम्ही मंचावर माझं नाव घेतलं नाहीत ते बरं केलंत. मला लाज वाटली असती.”

स्टॅन्विकने मान वर केली. तिने फाइल उघडून पत्रं टेबलावर ठेवली. संस्थेच्या कागदावरची अकरा पत्रं, प्रत्येक वेगळ्या कप्प्यात घातलेलं. त्याने वरचं उचललं, उलटलं, सही पाहिली आणि डॉमिनिकला हाक मारली. हे मी लिहिलेलं नाही, तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसती कंटाळलेली नवलाई होती. डॉमिनिकने वाकून एक पत्र काढलं आणि मध्येच कुठूनतरी मोठ्याने वाचलं, “माझी आई गेली तेव्हा मी तिचा चष्मा...”

“माझी आई?” स्टॅन्विक म्हणाला. “ती तर गुरुवारी पत्त्यांच्या ब्रिजमध्ये माझ्या मेव्हण्याला हरवून आली.”

जवळची माणसं हसली. पंखवाला एक मुलगाही हसला. कशाला ते त्याला कळलं नसावं. डोरीनने पुढच्या पुस्तकावर हात ठेवला होता, तो तसाच राहिला.

डॉमिनिकने आवाज मऊ केला. हा आमच्या ऑफिसचा कागद आहे, तो तुला कुठून मिळाला, असं त्याने विचारलं. पाकिटातून, कर्स्टी म्हणाली. कार्डावरून गिरवून कुणाच्या नावाने खोटी सही करणं हा गुन्हा असतो हे माहीत आहे का, त्याने विचारलं. तिने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. रांग थांबली होती आणि मागून लोक वाकून बघत होते. तेव्हा तो रुंद माणूस पुढे आला. त्याने पत्रांकडे बघितलं नाही. मुलीकडे बघितलं.

“कर्स्टी,” तो म्हणाला, “शाळेतल्या त्या चिठ्ठीसारखंच आहे का हे?”

मागच्या हिवाळ्यात खेळाचा तास चुकवायला तिने वडिलांच्या नावाने चिठ्ठी लिहिली होती आणि त्यांना कामावरून शाळेत बोलावलं होतं. डोरीनला हे ठाऊक होतं. कर्स्टीनेच एका पत्रात शरमून लिहिलं होतं. त्यावर डोरीनने तिची थट्टा करून तिला हसवलंही होतं.

 कर्स्टी टेबलावरचं आपलं पुस्तक बघत होती. सही झालेल्या पानावर पिवळी चिठ्ठी अजून पडली होती. तिने चिठ्ठी बघितली. शेजारचं पत्र बघितलं, त्याच्या पहिल्या ओळीत ‘प्रिय कर्स्टी’ होतं. पुन्हा चिठ्ठी बघितली. मग तिने मान वळवली आणि थेट डोरीनकडे पाहिलं.

तीन शब्द पुरेसे होते. ती मी लिहिली. डोरीनच्या तोंडात ते शब्द जुळले सुद्धा. त्याच वेळी तिला टपालाच्या खोलीचं दार दिसलं, ड्रॉवरमधला डबा दिसला, फिलिपाचा चेहरा दिसला आणि नोकरी सुटल्यावरचे सगळे रविवार एकापुढे एक उभे राहिलेले दिसले. त्या मुलीच्या डोळ्यांत आरोप नव्हता. तिला नुसतं कळलं होतं, आणि ती थांबली होती.

डोरीनने नजर खाली घातली. रांगेतल्या पुढच्या मुलाला तिने विचारलं, “नाव काय तुझं?”

त्याने काय सांगितलं ते तिला ऐकू आलं नाही. ऐकू आला तो कर्स्टीचा आवाज.

“हो बाबा,” ती म्हणाली. “मीच लिहिली.”

बॅरी स्कॅमेलने डॉमिनिकची माफी मागितली, स्टॅन्विकची मागितली, आणि टोपी डोक्यावर घालून मुलीला कोपराला धरून बाहेर नेलं. पत्रं डॉमिनिकने ठेवून घेतली. सही झालेलं पुस्तक टेबलावरच राहिलं होतं, ते कुणीतरी धावत जाऊन मुलीच्या हातात दिलं आणि तिने आभार मानले.

परतीच्या गाडीत डॉमिनिक वेळ घालवायला ती पत्रं काढून बसला. समोर डोरीन होती. तिचं वळणदार अक्षर ऑफिसच्या टपालावर कितीदा तरी त्याच्या नजरेखालून गेलं होतं, पण ते अक्षर आणि हे अक्षर एकच, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. टपाल सांभाळणाऱ्या बाईचं अक्षर कोण बघतं?

“ऐका हो डोरीन, हे ऐका,” म्हणत त्याने दोन-तीन उतारे वाचून दाखवले. मग फाइल मिटली आणि काचेबाहेर बघत म्हणाला, “पोरगी लिहिते मात्र झकास. खरं सांगू का? त्या म्हाताऱ्या स्टॅन्विकपेक्षा बरं लिहिते.”

डोरीन हो म्हणाली.

सोमवारी ती फिलिपाकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. फिलिपाने उठून दार लावून घेतलं.  सगळं ऐकून मग म्हणाली की पुस्तकाच्या दीड लाख प्रती दुकानांत गेल्या आहेत, शेवट एका शाळकरी मुलीचा होता हे बाहेर आलं तर सगळ्यांचीच छी थू होईल, तुझी आधी. “तू गप्प राहिलीस तेच शहाणपणाचं केलंस,” ती म्हणाली. “जा, कामाला लाग. मी काही ऐकलेलं नाही.” डोरीन शिक्षेच्या तयारीने गेली होती. शिक्षा झाली असती तर निदान काहीतरी झालं असतं. ती खाली आली आणि पाचपर्यंत कार्डांवर सह्या केल्या.

तिने चार रविवार कागद फाडले. पाचव्या रविवारी बॅरी स्कॅमेलच्या नावाने पत्र पुरं केलं. पत्रं मी लिहिली, तुमच्या मुलीने एक शब्दही खोटा सांगितला नव्हता, खोटं बोलली ती फक्त शेवटी, आणि ते माझ्यासाठी. घंटेची कल्पना तिची होती, तीही मी माझी म्हणून दिली. तुम्ही म्हणाल तिथे, म्हणाल त्यांच्यापुढे मी हे सांगायला तयार आहे. खाली स्वतःचं नाव लिहिताना तिचा हात अडखळला. त्या अकरा सह्यांपलीकडची ही बारावी, स्वतःची, तिने वर्षानुवर्षं क्वचितच केली होती. घरचा फोन नंबर दिला. डॉमिनिकच्या टेबलावरून कागदपत्रांत ठेवते म्हणून उचलून आणलेली फाइल त्याच पाकिटात घातली.

फोन आला तो पुढच्या रविवारी, दुपारी साडेबाराला.

“मिस पिकार्ड? मी स्कॅमेल, ग्रिम्सबीहून.”

डोरीन खुर्चीत बसली. तो सावकाश बोलत होता, समोर कागदावर लिहून ठेवल्यासारखा. तुमचं पत्र मिळालं म्हणाला. दोनदा वाचलं. मला वाचायची फार सवय नाही.

“त्या दिवशी घरी आल्यावर तिच्याकडून मी त्या दुकानाला माफीचं पत्र लिहून घेतलं,” तो म्हणाला. “समोर बसून. तिचं पहिलं मला पटलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा लिहायला लावलं. हे तुम्हाला कळलेलं बरं.”

तो पुढे बोलू लागला.

“पुस्तकं मी जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात देऊन टाकली. सहाच्या सहा. म्हटलं, यानेच हिचं डोकं फिरलंय. काल तिथे जाऊन आलो, तर विकली गेलीत.”

मी नवी पाठवते, डोरीन म्हणाली. नको, तो म्हणाला, मीही तेच म्हणालो होतो, तिने नको सांगितलं. तुमची ती फाइलही तिने अजून उघडलेली नाही, जिन्याच्या पायरीवर ठेवलीय. 

“तिला विचारलं, तुला त्या दिवशीच कळलं होतं का? हो म्हणाली. मग बोलली का नाहीस? मी तुझा बाप तिथे उभा होतो.” पलीकडे श्वास ऐकू आला. “तर म्हणते, त्या बाई फार घाबरल्या होत्या.”

डोरीनने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तिने विचारलं, तिच्याशी बोलता येईल का, एकच मिनिट.

“विचारतो,” तो म्हणाला आणि फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं दूर गेली. काही शब्द झाले, ते कळले नाहीत. पावलं परत आली.

“कामात आहे म्हणते.”

“बरं,” डोरीन म्हणाली. “तिला सांगा...” पण काय सांगायचं ते तिला ठरवता आलं नाही. मग तो ठेवतो म्हणाला.

फोन त्याने नीट ठेवला नसावा. लाइन तुटली नाही. डोरीनच्या कानाशी ते घर उघडंच राहिलं. नळ वाहत होता. रेडिओवर फुटबॉलची बातमी लागली होती आणि कुणीतरी तो बारीक केला. खुर्ची ओढली गेली. लहान मुलाचा आवाज म्हणाला की मला पावाच्या कडा नकोत. मग मुलीचा आवाज आला, अगदी जवळून, टेबलाशीच उभी असल्यासारखा.

“काढते. हात धुऊन ये आधी.”

सुरी पाटावर चारदा वाजली. मुलाने काहीतरी विचारलं, ती नाही म्हणाली. पुन्हा विचारलं, तेव्हा हसून हो म्हणाली. डोरीन हालचाल न करता ऐकत राहिली. पाच मिनिटं झाली असतील, कदाचित दहा. तिचा चहा निवला. मग जवळ येणारी पावलं वाजली, कुणीतरी फोन उचलला आणि क्षणभर हातात धरला. श्वास ऐकू येत होता. डोरीननेही आपला श्वास लपवला नाही.

मग तो जागेवर ठेवला गेला, हलकेच.